सतरा वर्षांच्या मुलाची सही

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आमच्या टीममधला एक सीनियर अलाबामाचा आहे. आपली संध्याकाळ, त्याची सकाळ, असा आमचा रोजचा कॉल असतो. डिसेंबर जवळ आला की कॉलची पहिली पाच मिनिटं कुठल्यातरी सतरा वर्षांच्या मुलावर जातात. मुलगा जॉर्जियाचा आहे, सहा फूट चार इंच उंच आहे, त्याची आई कुठल्या कॉलेजकडे झुकली आहे, मागच्या आठवड्यात कोणता कोच त्यांच्या घरी जेवून गेला. पहिल्यांदा मला वाटलं, हा भाच्याबद्दल बोलतोय. मग कळलं की त्या मुलाला तो आयुष्यात कधी भेटलेला नाही.

तर आजचा विषय हा. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची भरती आणि त्या भरतीचा इतिहास.

फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घालून खेळतात तो. नियम समजले नाहीत तरी आज अडणार नाही. एवढं लक्षात ठेवा की तिथली व्यावसायिक लीग, एनएफएल, शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय मुलाला घेतच नाही. म्हणजे मधली तीन वर्षं जायचं कुठे? कॉलेजात. एनएफएलकडे जाणारा दुसरा रस्ता जवळपास नाहीच. आणि कॉलेज म्हणजे आपलं गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यातलं ग्राउंड डोळ्यांसमोर आणू नका. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. बऱ्याच राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेला सगळ्यात जास्त पगार राज्यपालाला नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल कोचला असतो.

आपल्याकडे प्लेसमेंटला कंपनी येते तेव्हा आपण उसना टाय लावून रांगेत उभे असतो. इथे चित्र उलटं आहे. कंपनीच घरी येते, सोफ्यावर बसते, आईच्या हातचं खाऊन वाहवा करते. निदान मुलाची सही होईपर्यंत तरी.

ही ओढाताण खेळाइतकीच जुनी आहे. पहिली कॉलेज मॅच १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत खेळाडू भाड्याने आणणं सुरू झालं. फील्डिंग योस्टचा किस्सा यातला मला सगळ्यात आवडणारा. हा वेस्ट व्हर्जिनियाचा विद्यार्थी. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये लाफायेत कॉलेजची गाठ पेनसिल्व्हेनियाशी पडणार होती, आणि पेनसिल्व्हेनिया ३६ मॅचेस सलग जिंकून बसलेलं. योस्टने मॅचच्या तोंडावर लाफायेतला प्रवेश घेतला, मॅच खेळला, लाफायेत ६-४ जिंकलं, आणि थोड्याच दिवसांत साहेब पुन्हा वेस्ट व्हर्जिनियात हजर. शिक्षणाची एवढी तळमळ! पुढे हाच योस्ट मिशिगनचा नामवंत कोच झाला.

१९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने शंभराहून जास्त कॉलेजं तपासून जाडजूड अहवाल काढला. मुलांना पैसे, खोट्या नोकऱ्या, सवलती देऊन ओढलं जातंय, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अहवाल आला त्याच आठवड्यात शेअर बाजार कोसळला, त्यामुळे देशाला त्याहून मोठं दुखणं लागलं. १९४८ मध्ये कॉलेजांची संघटना, एनसीएए, हिने नियम केला की मदत द्यायची ती गरज पाहून, खेळ पाहून नाही. या नियमाचं नाव ‘सॅनिटी कोड’. सात कॉलेजं म्हणाली, आम्ही पाळत नाही. १९५० मध्ये त्यांना काढून टाकण्यासाठी मतदान झालं आणि दोन तृतीयांश मतं पडलीच नाहीत. पुढच्याच वर्षी नियम गुंडाळला. कारण उघड होतं, मत देणाऱ्यांतल्या अनेकांचं घरही काचेचंच होतं. शेवटी १९५६ मध्ये खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्ती अधिकृत झाली: फी, राहणं, जेवण, पुस्तकं.

आता या सुमाराची एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजचा, फोर्ट लुईसचा, रे डेनिसन नावाचा खेळाडू मैदानात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवा पत्नीने नुकसानभरपाई मागितली. कामगार कामावर असताना गेला तर कुटुंबाला जी भरपाई मिळते, ती. प्रश्न साधा होता: शिष्यवृत्ती घेऊन खेळणारा मुलगा कॉलेजचा कामगार आहे का? कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये नाही म्हटलं. त्या बाईंना काही मिळालं नाही. पण या शक्यतेनेच एनसीएएला घाम फुटला होता. तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी नंतर आपल्या पुस्तकात सांगितलं की ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द त्या धास्तीतून घडवला आणि सगळ्या नियमांत, पत्रकांत पेरला. आज तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की ऐकताना काही टोचत नाही. तो मुळात एक कायदेशीर ढाल होता.

शिष्यवृत्ती अधिकृत झाली तशी पळवापळवी वाढली. मुलाने एका कॉलेजला हो म्हटलं तरी दुसरं कॉलेज ऑगस्टपर्यंत त्याच्या दारात. यावर तोडगा म्हणून १९६४ मध्ये ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ आलं. साधा कागद. त्यावर मुलगा आणि पालक सही करणार, आणि सही झाली की बाकीच्या कॉलेजांनी त्याला फोन करायचा नाही. मुलाला रोजच्या छळातून सुटका आणि एक वर्षाची शिष्यवृत्ती. ऐकायला छान.

आता माझ्या धंद्यातली वाईट सवय म्हणजे मी अटी-शर्ती वाचतो. या कागदात लिहिलेलं असायचं की ही सही संस्थेसोबत आहे, कोचसोबत नाही. म्हणजे घरी येऊन जेवलेला, ‘मी याला मुलासारखा सांभाळीन’ म्हणालेला कोच दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेला तरी मुलगा बांधलेलाच. मुलगा सही मोडून गेला तर खेळायच्या वर्षांवर पाणी. त्यात १९७३ पासून शिष्यवृत्ती चार वर्षांची न राहता दर वर्षी नव्याने द्यायची झाली. मुलगा दुखापतीने कामातून गेला, किंवा नुसता नजरेतून उतरला, तर पुढच्या वर्षी ती न देण्याची मुभा. २०१२ च्या सुमारापर्यंत ही स्थिती होती. कंपनीला कधीही काढता येतं आणि नोकराला सोडता येत नाही, असं ऑफर लेटर आपल्यापैकी कोणी सही केलं असतं का? बावीसाव्या वर्षी बहुतेक केलंही असतं, ते सोडा.

आता दक्षिणेकडे चला, कारण ही भरती सगळ्यांसाठी नव्हती. १९६० च्या दशकात अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया इथल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीय मुलांना जागा नव्हती. दक्षिणेत जन्मलेली ही मुलं उत्तरेला जात. मिशिगन स्टेटचे कोच डफी डॉहर्टी यांनी त्यांच्यावरच संघ बांधला: टेक्सासमधल्या ब्यूमाँटचा बब्बा स्मिथ, साउथ कॅरोलिनाचा जॉर्ज वेब्स्टर, नॉर्थ कॅरोलिनाचा जिमी रे. नोव्हेंबर १९६६ मध्ये नोत्र दामशी त्यांची १०-१० अशी बरोबरीत सुटलेली मॅच आजही चर्चेत असते. दक्षिणेने आपल्याच गावचं सोनं नाकारलं आणि ते हजार-दीड हजार किलोमीटरवर जाऊन चमकलं.

पुढची गोष्ट अलाबामात दंतकथेसारखी सांगतात. १२ सप्टेंबर १९७०, बर्मिंगहॅम. कॅलिफोर्नियाहून आलेल्या यूएससीच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्ड धाव काढली, यूएससीने अलाबामाला ४२-२१ हरवलं, आणि त्या संध्याकाळी अलाबामाचे डोळे उघडले. आमचे सीनियरही कथा अशीच सांगतात. ऐकायला झकास आहे, पण विल्बर जॅक्सनचं काय करायचं? विल्बर जॅक्सन हा अलाबामाने शिष्यवृत्ती दिलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. त्याची निवड त्या मॅचच्या आधीच झाली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो त्या दिवशी प्रेक्षकांत बसला होता. दार आधीच किलकिलं झालं होतं, आणि त्यामागे वर्षानुवर्षांच्या चळवळी आणि कोर्टकचेऱ्या होत्या. एका मॅचने ते उघडलं असं म्हटलं की सगळ्यांचीच सोय होते.

दहा-बारा वर्षांत चित्र किती पालटलं ते बघायचं तर मार्कस डुप्रीकडे जावं लागतं. माझ्यासाठी हा भाग मुळात याच्यावरच आहे.

मिसिसिपीत फिलाडेल्फिया नावाचं छोटं गाव आहे. जून १९६४ मध्ये तिथे जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. प्रेतं चव्वेचाळीस दिवसांनी एका मातीच्या बंधाऱ्याखाली सापडली. मार्कसचा जन्म त्याच गावचा, खुनाच्या साधारण महिनाभर आधीचा. तो पहिलीत गेला त्या वर्षी, १९७० मध्ये, गावातल्या शाळा एकत्र झाल्या. गोरी आणि काळी मुलं पहिलीपासून एकत्र शिकली ती त्याच्या वर्गापासून. त्या खून प्रकरणात शिक्षा झालेल्या डेप्युटी शेरीफचा मुलगा पुढे शाळेच्या संघात मार्कसचा सहकारी होता. कादंबरीत कोणी असं लिहिलं तर आपण म्हणू, जरा जास्तच जुळवलंय.

मार्कस अफाट होता. सहा फुटांहून उंच, शंभर किलोच्या आसपास वजन, आणि पळायला लागला की मागे धूळ. शाळेच्या चार वर्षांत त्याने ८७ टचडाउन केले. हर्शेल वॉकरचा विक्रम त्याने एकाने मोडला. १९८१ चा सीझन संपला आणि देशभरातले कोच त्या गावात उतरले. ओक्लाहोमाचा सहायक कोच लूशियस सेलमन कित्येक आठवडे गावातल्या मोटेलमध्ये मुक्काम ठोकून होता. ज्या गावात १९६४ मध्ये बाहेरून आलेल्या माणसाकडे संशयाने बघत, तिथेच आता बाहेरून आलेली माणसं एका काळ्या मुलाच्या आईची मर्जी सांभाळत होती. लेखक विली मॉरिस, स्वतः मिसिसिपीचा, हे सगळं बघत होता. त्याने १९८३ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं: ‘द कोर्टिंग ऑफ मार्कस डुप्री’. कोर्टिंग म्हणजे मागणी घालणं, मनधरणी करणं. नाव अगदी नेमकं आहे.

फेब्रुवारी १९८२ मध्ये त्याने ओक्लाहोमासाठी सही केली. पहिल्या वर्षी ९०५ यार्ड. १ जानेवारी १९८३ च्या फिएस्टा बोलमध्ये तर फक्त १७ वेळा चेंडू हातात घेऊन २३९ यार्ड. संघ हरला, पण आकडा बघा. आणि मॅचनंतर कोच बॅरी स्वित्झर काय बोलला? मुलगा फिट नव्हता, फिट असता तर याहून कितीतरी जास्त पळाला असता, अशा अर्थाचं. एक वर्षापूर्वी याच मुलासाठी तुमचा माणूस मोटेलात राहत होता! सहीच्या आधीचा आवाज आणि सहीनंतरचा आवाज यांतलं हे अंतर मला या सगळ्या इतिहासात इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसलेलं नाही.

ऑक्टोबर १९८३ मध्ये मार्कस ओक्लाहोमा सोडून घरी आला. मिसिसिपीतल्याच सदर्न मिस कॉलेजात नाव घातलं, पण नियमाप्रमाणे लगेच खेळता येईना. एनएफएलही घेईना, कारण वर्षं भरली नव्हती. तेव्हा यूएसएफएल नावाची प्रतिस्पर्धी लीग होती, तिच्यात तो १९८४ मध्ये गेला, आणि १९८५ मध्ये त्याचा गुडघा गेला. वय वीस. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, तो लॉस एंजेलिस रॅम्सकडून परत मैदानात उतरला, दोन सीझन काढले, संपलं. २०१० मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला तेव्हा तो ट्रक चालवत होता.

मार्कसने स्वतःही काही निर्णय चुकीचे घेतले असतील. अठराव्या वर्षी कोणाचे बरोबर येतात? पण त्याचं नाव घेऊन वर्तमानपत्रं खपली, कोचचे पगार वाढले, पुस्तक झालं, आणि त्या सगळ्या काळात त्याला अधिकृतपणे एक रुपया घेणं हा गुन्हा होता.

अनधिकृत अर्थातच चालायचं. डॅलसच्या सदर्न मेथडिस्टमध्ये श्रीमंत पाठीराख्यांनी खेळाडूंना पगारपत्रक करून पैसे दिले. आधीची शिक्षा भोगत असतानाही देत राहिले. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने त्यांचा अख्खा सीझन रद्द केला. लगेच पुढच्या महिन्यात टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबूल केलं की पैसे चालू ठेवायचा निर्णय आपल्या संमतीने झाला होता. ते तेव्हा त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. राज्याचा मुख्य माणूस, बरं का.

आता चाहत्यांकडे येतो, कारण आमच्या सीनियरचं कोडं अजून सुटलेलं नाही. अनोळखी मुलाची इतकी माहिती त्याला मिळते कुठून?

याची सुरुवात टॉम लेमिंग नावाच्या, शिकागो भागातल्या पोस्टात काम करणाऱ्या माणसापासून धरता येते. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो गाडी काढून देशभर फिरायला लागला, शाळांमध्ये जाऊन मुलं बघायची, फिल्म बघायची, आणि स्वतः मासिक काढायचं. ते मासिक कोचही विकत घेत आणि वेडे चाहतेही. पुढे मिनिटाला पैसे लागणाऱ्या फोनलाइन आल्या: फोन करा आणि ऐका, आज कोणता मुलगा कुठे भेट देऊन आला. मग १९९८ मध्ये रायव्हल्स ही वेबसाइट आली. डॉटकॉमच्या पडझडीत बुडता बुडता वाचली आणि २००७ मध्ये याहूने ती विकत घेतली. किंमत सुमारे दहा कोटी डॉलर सांगितली गेली. दहा कोटी, सतरा वर्षांच्या मुलांबद्दलच्या बातम्यांसाठी.

या साइट्सनी मुलांना तारे द्यायला सुरुवात केली. पाच तारे म्हणजे हिरा. एका मोठ्या साइटवर पाच तारे वर्षाला साधारण ३२ जणांनाच मिळतात, कारण एनएफएलच्या निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. ढोबळमानाने मॉडेल चालतं. पाच तारेवाला एनएफएलला जाण्याची शक्यता तीन तारेवाल्यापेक्षा खूप जास्त असते, हे आकडे खरे आहेत. पण मॉडेलमध्ये गळती आहे. अलाबामाने एखाद्या मुलाला ऑफर दिली की त्याचे तारे वाढतात, आणि मग आपण म्हणतो, बघा, अलाबामाला सगळे पाच तारेवालेच मिळतात. उत्तरपत्रिका बघून पेपर सोडवल्यासारखं झालं हे.

आणि मग जॉश ॲलन. कॅलिफोर्नियात फायरबॉ नावाच्या गावी वडिलांची शेती. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजची ऑफर नाही. गडी एका कम्युनिटी कॉलेजात खेळला, देशभरच्या कोचना ईमेलवर ईमेल पाठवल्या, शेवटी वायोमिंगने घेतलं. २०१८ मध्ये एनएफएलने त्याला सातव्या क्रमांकावर उचललं आणि २०२४ च्या सीझनचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. चाहते दर वर्षी या एका नावावरून भांडतात, आणि दोन्ही बाजूंचं बरोबर असतं.

मला मात्र दुसराच एक मुलगा आठवतो. त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. फेब्रुवारी २००८, नेव्हाडातलं फर्नली. शाळेच्या जिममध्ये अख्खी शाळा जमलेली, कॅमेरे लागलेले, टेबलावर दोन टोप्या. मुलाने एक टोपी उचलली: कॅलिफोर्निया, बर्कली. टाळ्या. काही दिवसांत कळलं की त्याला कुठल्याच मोठ्या कॉलेजची ऑफर नव्हती. सगळं त्याने रचलेलं. देशभर हसले त्याला. पण टेबल, टोप्या, कॅमेरे आणि टाळ्या त्याने शोधून काढलेले नव्हते. ते दर वर्षी कोणासाठी तरी मांडले जातातच. त्याने फक्त खुर्चीवर बसायचं धाडस केलं.

शेवटची काही वर्षं भराभर सांगतो, कारण ती अजून इतिहास झालेली नाहीत. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल आलं. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात ९-० निकाल दिला आणि १ जुलैपासून मुलांना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १९६४ चं लेटर ऑफ इंटेंट रद्द झालं. साठ वर्षं टिकलं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजं आता खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

सगळं गोड झालं का? छे. एका क्वार्टरबॅकला १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार दाखवला गेला, तो हवेत विरला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कालपर्यंत कोण होते कोणास ठाऊक असे लोक आज एजंट म्हणून मुलांच्या घरी बसतात. आणि चाहते म्हणतात, निष्ठा राहिली नाही, पोरं पैशामागे पळतात. आमचे सीनियरही म्हणतात. मी त्यांना ब्रायन केलीची आठवण करून दिली. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीला हे नोत्र दामचे कोच, संघाला अजून राष्ट्रीय प्लेऑफची आशा होती, आणि हे एलएसयूला निघून गेले. खेळाडूंना सकाळी सात वाजता बोलावून निरोप दिला. मीटिंग काही मिनिटांत आटोपली. त्यांचा एलएसयूशी करार दहा वर्षांचा होता, साडेनऊ कोटी डॉलरचा. सीनियर म्हणाले, तो धंदा आहे.

हो, आहेच की.

सहीचा दिवस अजून असतो. आता तो डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी येतो, आणि सही शिष्यवृत्तीच्या करारावर होते. ती झाली की बाकीच्यांनी फोन करायचा नाही, ही अट तशीच ठेवली आहे. टोप्याही तशाच.

मार्कसवरच्या माहितीपटाचं नाव ‘द बेस्ट दॅट नेव्हर वॉज’. मिळाला तर बघा, आणि बघितलात तर मला लिहा, त्याच्या आईबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. भेटू पुढच्या भागात.